वारा सहा

४ फेब्रुवारी

भाचीबाई,

माझी तब्येत बरी आहे, मामीची त्याहून बरी आहे, त्यामुळे तो विषय इथेच संपला.

काम असं आहे. मी हवामानाचं यंत्र घेतलंय. छपरावर तीन वाट्यांचं एक चक्र फिरतं, शेजारी दिशा दाखवणारा बाण आहे आणि खाली टेबलावर एक डबी. डबीवर आकडे येतात, पण ते मुंगीएवढे. दुकानदार म्हणाला, डबी वायरीने कॉम्प्युटरला जोडा, मग तो हवं ते करेल. कॉम्प्युटर आहे. तू नोकरीला गेलीस तेव्हा तुझा जुना इथे टाकून गेलीस तोच. सध्या त्याच्यावर मामीच्या शिवणाची कापडं असतात.

तुला वाटेल, लाँच सोडून इतकी वर्षं झाली, आता म्हाताऱ्याला वारा मोजून काय करायचंय. तर माझं घर अजून धक्क्यासमोरच आहे. रोज सकाळी धाकट्या खिडकीशी येतो आणि विचारतो, "मामा, सोडू का?" धाकट्या म्हणजे माझ्या हाताखाली होता तो. आता लाँच तोच चालवतो. पन्नाशी गाठली तरी नाव काही मोठं झालं नाही. मी तलावाकडे बघतो आणि सोड किंवा थांब म्हणून सांगतो. पलीकडच्या काठावर शाळा आहे, दवाखाना आहे. रस्त्याने वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस जातो, म्हणून सगळे पाण्यावरूनच जातात. तेव्हा हाताशी एखादा आकडा असलेला बरा. बाकी काही नाही.

माझ्या दोन अटी आहेत. पहिली, फोनवर शिकवायचं नाही. मागच्या वेळी तू फोनवर "स्पेस" म्हणालीस, मी एस-पी-ए-सी-ई अशी पाचही अक्षरं टाईप केली आणि तू हसलीस. लिहून पाठव. दुसरी, मला माऊस नको. तो बाण पडद्यावर पळतो आणि मी त्याच्यामागे. तू काळ्या खिडकीत नुसत्या आज्ञा टाईप करून काम करतेस ना, तसं शिकव. तरुणपणी मी टायपिंगची परीक्षा दिली होती. नोकरी मिळाली नाही म्हणून पाण्यावर गेलो, पण बोटं पास झालेली आहेत.

मामा

*

११ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. आम्ही इथे दिवसभर बँकेचे सर्व्हर सांभाळतो आणि दिवसभर लोक आम्हाला विचारतात की याला बटण का नाही. "मला माऊस नको" असं म्हणणारं माणूस माझ्या नोकरीत पहिल्यांदाच भेटलं. माझ्या शेजारी बसणारा म्हणाला, तुझ्या मामांना इकडे नोकरी लावू.

तुमच्या यंत्रासाठी एक फुकट प्रोग्राम आहे. तो डबीकडून दर पाच मिनिटांनी नोंद घेतो आणि साठवून ठेवतो. तो पडद्यावर दिसत नाही, मागे गुपचूप चालू राहतो. तुम्ही फक्त त्याला सुरू हो, थांब, आणि कसा आहेस, एवढंच विचारायचं. सगळ्या आज्ञा वेगळ्या कागदावर ओळीने लिहिल्या आहेत. जशाच्या तशा टाईप करा. जिथे मोकळी जागा आहे तिथे मी छोटा चौकोन काढलाय. तो चौकोन टाईप करायचा नाही.

सोपा मार्गही आहे. तुम्ही मला परवानगी दिलीत तर मी इथूनच तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून सगळं करून देते. अर्ध्या तासाचं काम आहे.

चक्र छपरावर कोणी बसवलं? तुम्ही चढला नाहीत ना?

तुमची भाची

*

२४ फेब्रुवारी

भाचीबाई,

चक्र वेल्डरने बसवलं. मी खाली उभा राहून सूचना दिल्या. त्याने त्या ऐकल्या नाहीत, त्यामुळे नीट बसलं.

इथूनच शिरते म्हणालीस, ते नको. ज्याला यायचंय त्याने पुढच्या दाराने यावं आणि जेवून जावं.

आता हकीकत. प्रत्येक आज्ञेच्या आधी तू "सुडो" लिहायला सांगितलंस. पहिल्यांदा वाटलं कोणाचं नाव आहे. मग लक्षात आलं की कचेरीत "मला साहेबांनी पाठवलंय" म्हणून आत घुसतात, त्यातला प्रकार आहे. एकदा ते न लिहिता बघितलं. दारातूनच हाकललं.

प्रोग्रामने आत आल्यावर चौकशी केली. ठिकाणाचं नाव विचारलं, मी "घर" लिहिलं. समुद्रसपाटीपासून उंची विचारली. मला पाण्यापासूनची उंची माहीत आहे, समुद्राशी आपला संबंध नाही. शाळेत विचारून घातली. मग म्हणतो, यंत्र सापडत नाही. नंतर म्हणतो, सापडलं पण परवानगी नाही. माझंच घर, माझंच टेबल, डबीही माझी, आणि परवानगी नाही. तुझ्या कागदाच्या मागच्या बाजूला त्यावरचा उपाय निघाला. मामीने दाखवला, मी मागची बाजू बघितलीच नव्हती.

तुझे काही अंक आणि अक्षरं अगदी जुळी आहेत. "एक" लिहिलाय की "एल", काही कळत नाही. शून्य आणि ओ तसेच. त्यावरून आमच्या दोघांचं वाजलं. शेवटी मामीचं बरोबर निघालं, आणि तिने ते नीट दोनदा सांगितलं.

आणखी एक शंका. मी "सुरू हो" अशी आज्ञा दिली, एंटर दाबलं, आणि काहीच झालं नाही. नुसती खालची रिकामी ओळ. हे काय उत्तर झालं? मामी रागावली की असंच करते, पण तेव्हा निदान कारण माहीत असतं.

दोन गोष्टी हव्यात. अक्षरं मोठी कर. मोठी म्हणजे एका ओळीत चार शब्द मावतील इतकी. आणि हा कॉम्प्युटर आकडा बोलून दाखवू शकतो का? मी एक शब्द टाईप करायचा आणि त्याने वारा किती ते मोठ्याने सांगायचं, असं काहीतरी. म्हणजे धाकट्याला खिडकीतूनच ऐकू जाईल, मला मध्ये दलाली करायला नको.

मामा

*

५ मार्च

मामा,

काही उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं. हे लोक चूक झाली तरच बोलतात. याची सवय व्हायला मला एक वर्ष लागलं.

मोठ्या अक्षरांची आज्ञा कागदावर आहे. चार शब्द मावतील एवढी मोठी करून बघितली, माझ्या पडद्यावर नुसती भिंत दिसत होती. पण तुमची मर्जी. एक आणि एल यांच्यासाठी आता मी कंसात मराठीत "एक" आणि "एल" असं लिहिलंय, म्हणजे मामीला तिसऱ्यांदा सांगावं लागणार नाही.

बोलण्याचंही जमलं. मी तुमच्यासाठी एक छोटी आज्ञा तयार केलीय. तिचं नाव "वारा". तुम्ही डब्ल्यू-ए-आर-ए टाईप करून एंटर दाबलं की साठवलेल्या नोंदींतली शेवटची नोंद उचलून कॉम्प्युटर बोलतो. "वारा सहा", "वारा अकरा", असं. तासाला किलोमीटर. मुळात सहाच ओळींची आहे. रविवारी सकाळी लिहायला बसले आणि चहा निवायच्या आत झाली. कोणाला तरी दाखवावीशी वाटली, पण घरी दाखवायला कोणी नव्हतं. ती भरलेली चिप पाठवतेय, कॉम्प्युटरला लावून कागदावरच्या शेवटच्या दोन आज्ञा द्या.

एक विचारू? तुमच्या ओळी हल्ली चढावर चालल्यासारख्या जातात, आणि शेवटच्या पानावर दोन ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. चष्म्याचा नंबर तपासून किती दिवस झाले?

तुमची भाची

*

५ एप्रिल

भाचीबाई,

ओळींचं कारण टेबल. त्याचा एक पाय लांडा आहे. चष्मा नवा आहे.

यंत्र उत्तम चाललंय. आवाज नाकातून येतो, सर्दी झालेल्या रेडिओसारखा, पण शब्द स्वच्छ. सकाळी मी खिडकीशी बसतो, धाकट्या येतो, मी "वारा" टाईप करतो, आवाज येतो, धाकट्या "ठीक" म्हणतो आणि जातो. पूर्वी उगाच खिडकीशी रेंगाळायचा, इकडची तिकडची चार वाक्यं बोलायचा, पाण्याकडे बघत बिडी संपवायचा. आता तेवढा वेळ वाचतो. मागच्या आठवड्यात एकदा बत्तीस म्हणालं. आम्ही लाँच थांबवली, आणि खरोखरच थोड्या वेळाने तलाव चांगलाच खवळला. धक्क्यावर माझी पत वाढलीय. मास्तरीणबाई, ज्या रोज पलीकडच्या शाळेत जातात, त्या म्हणाल्या, "मामा, तुमचं हे फार छान झालं." मी काही बोललो नाही. म्हणजे काम झालं.

सध्या हवा सुरेख आहे. तीन दिवस झाले, वारा सहा. सकाळी सहा, दुपारी सहा, संध्याकाळी सहा. इतकं गुणी पाणी मी सगळ्या नोकरीत पाहिलं नाही.

मामा

*

८ एप्रिल, सकाळ

मामा,

तुमचं पत्र आत्ता मिळालं. फोन लावतेय, वाजतोय, कोणी उचलत नाही. हे पत्र पोहोचायच्या आत फोन लागेलच, पण हात रिकामे बसवत नाहीत म्हणून लिहितेय.

तीन दिवस सहा असा वारा नसतो. डबीने कॉम्प्युटरशी बोलणं बंद केलंय. प्रोग्राम वाट बघत बसलाय, नवीन नोंद येत नाही, आणि माझी आज्ञा तीच जुनी शेवटची नोंद पुन्हा पुन्हा बोलून दाखवतेय. डबीची वायर काढा, पुन्हा लावा, प्रोग्राम थांबवून परत सुरू करा. तोवर त्या आकड्यावर कोणालाही पाठवू नका. पाण्याकडे बघून ठरवा, नेहमीसारखं.

पुन्हा फोन केला. वाजतोय नुसता.

भाची

*

१० एप्रिल

बाळ,

मी मामी. मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा सरळ सांगते. सगळे जिवंत आहेत. आता पुढचं वाच.

तू फोन करत होतीस तेव्हा आम्ही धक्क्यावर होतो. त्या दिवशी सकाळी मी मागच्या बाजूला चादरी वाळत घातल्या आणि त्या दोरीवर आडव्या झाल्या. मी आत येऊन म्हटलं, वारा आहे. हे म्हणाले, यंत्र सहा म्हणतंय. मी म्हटलं, माझ्या चादरी यंत्राला विचारून उडत नाहीत. तेव्हा हे म्हणाले की घराच्या मागे वारा भिंतीला आपटून तसा वाटतो. खिडकीचं दार आपटत होतं. ते यांनी खिट्टी लावून बंद केलं. धाकट्या आला, यंत्र बोललं, लाँच सुटली.

मध्यावर गेल्यावर लाटा आत यायला लागल्या. इंजिनात पाणी गेलं, ते बंद पडलं. लाँच वाहत वाहत पलीकडच्या खडकांच्या बाजूला गेली. धाकट्याने नांगर टाकला, तो धरला नाही. शेवटी खडकाला टेकली तेव्हा पाणी कमरेइतकं होतं आणि त्याने एकेकाला हात धरून उतरवलं. मास्तरीणबाई घसरल्या, त्यांचं मनगट मोडलं. दवाखान्यातली नर्स लाँचमध्येच होती, तिने ओढणीने हात बांधला. बाकी सगळे भिजले, घाबरले, आणि चालत वर गेले. लाँचचा तळ फाटलाय, दुरुस्तीला ओढून ठेवलीय.

आता ते, ज्याच्यासाठी मी लिहायला बसले. लाँच मध्यावर बंद पडली तेव्हा अर्धं गाव धक्क्यावर जमलं होतं. हेही पुढे जाऊन उभे राहिले. लाँच डावीकडे वाहत गेली होती, सगळे डावीकडे बघत होते, ओरडत होते. हे समोर बघत होते. कोणीतरी विचारलं, "मामा, काय वाटतं?" तर समोर हात करून म्हणाले, "येतेय परत. दिसतेय की." तिथे काहीच नव्हतं. नुसतं पाणी. सगळे वळून यांच्याकडे बघायला लागले. मी दंडाला धरून घरी आणलं.

मला वाटत होतं मोतीबिंदू आहे. तसंच सांगितलं होतं मला. पिकला की काढू, घाई नाही. तुझी पत्रं मी वाचून दाखवायची, कारण म्हणे तुझं अक्षर लागत नाही. काल डॉक्टरकडे नेलं तेव्हा कळलं, मोतीबिंदू नाहीच. डोळ्याच्या मधला भाग गेलाय, दोन्हींचा. कडेकडेने दिसतं. जिथे बघावं तिथेच नेमका डाग. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येणार नाही, राहिलेलं सांभाळू. ही गोष्ट यांना दोन वर्षं माहीत होती. दुसऱ्या डॉक्टरकडून, मला न सांगता. दोन वर्षं हा माणूस खिडकीत बसून सोड, थांब सांगत होता.

मी काय करू? ओरडावंसं वाटतं, पण ओरडून झालं. दोन दिवस खिडकीकडे पाठ करून बसलेत. कॉम्प्युटरवर मी परत कापडं ठेवलीत.

मामी

*

१४ एप्रिल

मामा,

मामीचं पत्र मिळालं. तिला सांगा, हे वाचताना मध्ये थांबू नकोस.

आधी माझं. नोंद किती जुनी आहे हे न बघता आकडा बोलून दाखवायचा, ही आमच्या धंद्यात नवशिक्याची चूक समजतात. मी नवशिकी नाही. बँकेत असली चूक दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं असतं. मी मास्तरीणबाईंना वेगळं पत्र लिहिलंय आणि त्यात हे स्पष्ट सांगितलंय, की तुमचा आकडा मी बनवलेल्या आज्ञेने दिला होता. तुम्ही मध्ये पडून ते आपल्या अंगावर घेऊ नका. तुमच्या वाट्याचं तुमच्याकडे पुरेसं आहे.

तुमच्या वाट्याचं काय ते मी सांगणार नाही. फक्त एवढं विचारते, मला का नाही सांगितलंत? मोठी अक्षरं करून दिली, आवाज करून दिला, आणि मला वाटत राहिलं की म्हातारपणी मामांना हौस आलीय. मी ऑफिसात तुमचं कौतुक करत फिरले. काय होतंय ते माहीत असतं तर मी वेगळं यंत्र बनवलं असतं. निदान असं बनवलं असतं की ज्याला दिसत नाही असा माणूस त्याच्यावर एकटा अवलंबून आहे, हे डोक्यात ठेवून.

सोबत नवी चिप आहे. आता "वारा" म्हटलं की तो आधी नोंदीची वेळ बघेल. दहा मिनिटांपेक्षा जुनी असेल तर आकडा सांगणारच नाही, "माहीत नाही" म्हणेल. शिवाय "तब्येत" नावाची दुसरी आज्ञा आहे. तिने प्रोग्राम, डबी आणि वायर, तिघांची विचारपूस होईल आणि काय बिघडलंय ते बोलून दाखवेल. लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही लावलंत तर मी समजू शकते.

खरं सांगा, नक्की काय काय दिसतं?

मी येऊ का?

भाची

*

६ मे

भाचीबाई,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. मामीने पुठ्ठ्याला आडव्या फटी पाडून दिल्यात, फटीत पेन ठेवायचं आणि लिहीत जायचं. ओळी सरळ आल्या असतील. टेबलाचा पाय मुळात ठीक होता.

काय दिसतं ते विचारलंस. तू समोर उभी राहिलीस तर तुझे कान दिसतील, चेहरा नाही. मामीला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, मग इतके दिवस कानाकडे बघून होकार देत होता होय. का नाही सांगितलं, तेही लिहितो. रोज सकाळी एक माणूस येऊन विचारतो, सोडू का. ते ऐकलं की उठावंसं वाटतं. दिसत नाही म्हटलं असतं तर उद्यापासून कोणी आलं नसतं. एवढंच ते. लिहिल्यावर फारच लहान दिसतंय.

मी मास्तरीणबाईंकडे गेलो होतो. प्लास्टर कोपरापर्यंत आहे. त्यांना म्हटलं, मला दोन वर्षं पाणी दिसत नाही. त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी सोड कशावरून म्हणालात?"

"यंत्रावरून."

"आणि यंत्र कशावरून म्हणालं?"

"त्यालाही दिसत नव्हतं."

त्या हसल्या नाहीत. मीही विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या की मला तुमचा राग आलाय आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. तुझं पत्र त्यांना पोहोचलंय. त्याबद्दल त्या म्हणाल्या, "तुमच्या घराण्यात चुका वाटून घ्यायची पद्धत दिसते."

मग धाकट्याकडे गेलो. तो लाँचच्या तळाला डांबर लावत होता. म्हटलं, धाकट्या, मला दिसत नाही. तो हात न थांबवता म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली की. मी मिशा काढल्या, तुम्ही काही बोलला नाहीत. तीस वर्षांच्या मिशा, मामा. माझी बायको तीन दिवस रडली, आणि तुम्ही म्हणालात, आज ढग कमी आहेत."

मी विचारलं, मग रोज येऊन विचारत का होतास? तर म्हणाला, "तुम्ही सांगायचा, तोवर मी बघून घ्यायचो. खिडकीशी उभं राहून पाणी चांगलं दिसतं. तुमचं आणि माझं जुळलं तर सोडायचो. नाही जुळलं तर इंजिन तापत नाही म्हणून वेळ काढायचो." मग डांबराचा ब्रश डब्यात ठेवला आणि म्हणाला, "यंत्र आल्यावर मी बघायचं सोडलं. म्हटलं, आता मामांना खरंच कळतंय."

भाचीबाई, माझं डबीला, तुला आणि स्वतःला, तिघांना दोष देऊन झालं होतं. हे चौथं मला माहीत नव्हतं. तुझ्या यंत्राच्या आधी आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होतो. मी एकटा खोटं बोलत होतो आणि तो दोन वर्षं ते निस्तरत होता, आणि मला वाटत होतं की लाँच माझ्या शब्दावर चालते. त्या दिवशी पहिल्यांदाच खरोखर नुसत्या माझ्या शब्दावर गेली.

तिथे डांबराच्या वासात मी थोडा वेळ बसलो. त्याने चहा मागवला. मी म्हटलं, मिशा परत ठेव. तो म्हणाला, आता नाही जमणार, बायकोला सवय झाली.

तुझी चिप लावली. मामीने कापडं उचलली, आज्ञा वाचून दाखवल्या, एक आणि एल यावरून या वेळी भांडण झालं नाही. सकाळी उठलो की मी आधी "तब्येत" विचारतो. वायर सैल आहे असं दोनदा सांगितलं, दोनदा घट्ट केली. आठवड्यातून एकदा प्रोग्रामने लिहून ठेवलेली जुनी कटकट, ज्याला तू लॉग म्हणतेस, ती त्याच्याकडून वाचून घेतो. फार बोलतो, पण खोटं बोलत नाही. हे काम आता माझं. पाण्याकडे बघायचं काम धाकट्याचं. दोघांचं जुळलं तर लाँच सुटते. नाही जुळलं तर थांबते, मग बरोबर कोणीही असो. हे धक्क्यावर सगळ्यांना सांगून झालंय.

लाँच गेल्या आठवड्यात पाण्यात उतरली. पहिल्याच दिवशी जुळलं नाही. यंत्र म्हणालं नऊ, ताजी नोंद, तब्येत ठणठणीत. धाकट्या म्हणाला, मला पलीकडचा रंग आवडत नाही. थांबलो. लोक वैतागले. नर्सचा दवाखाना उघडायला उशीर झाला. वारा काही आलाच नाही. तलाव तासभर आरशासारखा पडून राहिला आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. म्हणजे ते बघत बसले.

मास्तरीणबाईही आल्या होत्या, प्लास्टर घेऊन. बाकावर माझ्या शेजारी जागा होती, तिथे बसल्या. राग गेला म्हणून नव्हे, दुसरीकडे ऊन होतं. थोड्या वेळाने कोणीतरी सवयीने विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "मला दिसत नाही हो." मोठ्याने. सगळ्यांनी ऐकलं. काही झालं नाही. एकाने फक्त "बरं" म्हटलं.

तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, "पाणी राखाडी आहे. मधोमध एक लांब पट्टा चमकतोय."

मी विचारलं, "पट्टा कुठून कुठे?"

"डावीकडच्या टेकडीपासून जवळजवळ धक्क्यापर्यंत."

"कडा सरळ आहे की फाटलेली?"

त्यांनी जरा बघितलं. "सरळ. नाही, थांबा. टेकडीजवळ फाटलीय."

"मग तिकडे वारा पाण्याला लागतोय. अजून अर्धा तास थांबू," मी म्हटलं. धाकट्याने त्या दिशेला बघितलं आणि मान हलवली असावी, कारण लोक परत खाली बसले.

आता त्या रोज सकाळी सांगतात. माणूस हुशार आहे, पण रंग फार सांगतात. काल तर मोरपिशी म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मोरपिशीने लाँच बुडत नाही, लाटेचं बोला.

तू ये. पुढच्या दाराने ये. आलीस की तुलाही बाकावर बसवून विचारणार आहे पाणी कसं आहे ते, आणि नुसतं छान आहे म्हणालीस तर चालणार नाही.

मामा